गुडघ्याची कूर्चा आणि स्टेम सेल

वर विचारलंय, "स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की आईच्या गुडघ्याची झिजलेली गादी परत भरते का?" माझ्या आईचंही तेच दुखणं, म्हणून लिहिते. आमचं घर वेंगुर्ल्याचं. आडाळीवर मासे कापून झाले की ती दाराची चौकट धरून उठते, आणि गुडघ्याचा कर्रकन आवाज माजघरात ऐकू येतो.

ही गादी म्हणजेच कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती आपली आपण नीट भरून येत नाही. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. त्या नुसत्या सोडल्या तर जागेवर टिकत नाहीत. त्यांना धरायला हायड्रोजेल लागतं, म्हणजे पाणी धरून ठेवणारं मऊ जाळं. त्यातलं अल्जिनेट तर तपकिरी समुद्रशैवालातून मिळतं. ओहोटीला आपल्या खडकांवर दिसणारं सरगॅसम त्याच गटातलं! दक्षिण कोरियात २०१२ साली मान्यता मिळालेल्या कार्टिस्टेम नावाच्या उपचारात नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल आणि हायलुरोनिक अ‍ॅसिडचं जेल असतं. ते शस्त्रक्रिया करून कूर्चा झिजून पडलेल्या खड्ड्यात भरतात, नुसतं टोचत नाहीत.

हाडाला हाड घासत असेल तर मात्र यावर भिस्त ठेवू नका. एमआरआयमध्ये खड्डा केवढा, कडा शाबूत आहेत का, हे आधी विचारा. आम्ही एका जाहिरातीवरून पैसे भरायला निघालो होतो. हाच प्रश्न विचारला, तिथे कोणालाच उत्तर देता आलं नाही, आणि आईला घेऊन परत आलो.