टर्टल पद्धत: नियम पाठ केले की झालं?

पिंपळपान:
टेलिग्रामवर टर्टल पद्धत, म्हणजे भावाच्या मोठ्या चालीमागे जाणारी ट्रेडिंगची पद्धत, दोन ओळींत शिकवतात. 20 दिवसांचा उच्चांक मोडला की घ्या, 10 दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर पडा. नियम खरे आहेत. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या ट्रेडर्सनी 1983-84 च्या सुमारास शिकागोत नवख्यांना दोन आठवड्यांत हेच शिकवलं, त्या शिष्यांनाच 'टर्टल' म्हणायचे. पण ती मंडळी सोनं, कॉफी, साखर, क्रूड, ट्रेझरी बाँड, येन असे वेगवेगळ्या चालीचे वायदे (फ्युचर्स) एकाच वेळी बघत होती. बरेचसे ब्रेकआऊट, म्हणजे असे उच्चांक मोडणं, फसणार हे धरूनच चालायचं आणि मोजक्या मोठ्या चालींतून सगळं भरून काढायचं. आपण तोच नियम एकट्या निफ्टीला लावतो, तीनदा स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला भाव) उडाला की पद्धत भंगार ठरवतो. नियम कुठून आला हे कळल्याशिवाय तो शिकलो असं म्हणूच नये.

रोखठोक:
साफ असहमत. ट्रेडर शिकवून घडतो का, याच वादातून तो प्रयोग झाला. डेनिस म्हणत होते घडतो, आणि तेच खरे ठरले. संदर्भ बघायला लागलं की माणूस 'उद्या बजेट आहे, हा सौदा सोडू' म्हणतो आणि नेमका तोच सौदा मोठा नफा देऊन जातो. सलग आठ तोट्यांनंतर नववा सौदा घ्यायची हिंमत नियमावरच्या निष्ठेतून येते.

पिंपळपान:
बजेट बघून सौदा सोडा, असं मी कुठे म्हटलं? आठ तोटे या पद्धतीत नेहमीचेच आहेत, हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे तोच नववा घेईल ना?

हिशेबनीस:
दोघंही एंट्रीवरच अडकलात. खरी गोम पोझिशनच्या आकारात आहे. टर्टल 'एन' काढायचे, म्हणजे 20 दिवसांची सरासरी ट्रू रेंज: आदल्या बंद भावापासूनची उडी धरून भाव दिवसाला साधारण किती हलतो ते. भाव एक एन हलला तर खातं 1 टक्का हलावं एवढाच एका वेळच्या खरेदीचा आकार, म्हणजे एक युनिट, आणि स्टॉप घेतलेल्या भावापासून 2 एनवर. आता निफ्टीचा एन 250 अंक आणि लॉट (एका सौद्यातली किमान संख्या) 2025 मध्ये होता तसा 75 चा धरा. एका एनला 18,750 रुपये, म्हणजे एका लॉटलाच पावणेएकोणीस लाखांचं खातं हवं. दोन लाखांत तोच लॉट घेतला तर एका स्टॉपला 37,500 जातात. असे चार स्टॉप लागले की दीड लाख साफ. एंट्री आणि स्टॉप अगदी नियमाबरहुकूम असूनसुद्धा!

रोखठोक:
मग नियमाबरहुकूम कुठे झालं? आकाराचा नियम मोडलाच की. अर्धवट शिकवणाऱ्यांना धरा. पूर्ण नियम द्या, संदर्भाची गरज उरत नाही.

पिंपळपान:
दोन लाखवाल्याला पूर्ण नियम निफ्टी वायद्यात बसतच नाहीत, दादा. त्याला काहीतरी बदलावंच लागणार. लॉट परवडत नाही म्हणून स्टॉप अर्ध्या एनवर आणला तर रोजच्या चढउतारातच उडेल. एन कशासाठी मोजतात हे माहीत नसलेला माणूस नेमकं हेच करतो, मी पाहिलंय.

रोखठोक:
बदला, पण पोझिशन उघडी असताना नाही. बाजार बंद असताना, जुन्या डेटावर तपासून. एवढं मान्य असेल तर आपलं भांडण बरंच कमी झालं.

हिशेबनीस:
मान्य. आणि स्टॉप जवळ आणण्यापेक्षा लहान वायदा शोधा. एमसीएक्सवर (कमोडिटी एक्स्चेंजवर) सोन्याचा गोल्ड पेटल वायदा 1 ग्रॅमचा आहे, तिथे छोट्या खात्यातही 1 टक्क्याचं गणित बसतं. फक्त, व्हॉल्यूम (किती सौदे होतात ते) आणि खर्च धरून कोणी बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या डेटावर तपासणी, केली असेल तर आकडे इथे टाका.