किमोनंतर गाठ फारशी कमी नाही, रिपोर्टात पेशी मात्र 10 टक्के. औषध लागू पडलं का?

विडीघरकुल_सोलापूर:
आईला डाव्या स्तनाचा कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे हार्मोनचे दोन्ही आणि हर-2 हे तिन्ही रिसेप्टर नसलेला). आधी किमो, मग ऑपरेशन. किमोनंतरच्या सोनोग्राफीत गाठ थोडीच लहान दिसली, तेव्हा घरात सगळे हबकलो. आता ऑपरेशनचा रिपोर्ट आलाय. किमोआधीच्या तुकडा तपासणीत सेल्युलॅरिटी, म्हणजे गाठीच्या जागेत कॅन्सरच्या पेशींचं प्रमाण, 70 टक्के होती, आता 10. काखेतल्या 14 पैकी एका गाठीत कॅन्सर. आई विड्या वळता वळता विचारायलीय, "औषध लागलं का नाही, सांग की." काय सांगू? लेझरच्या मायक्रोस्कोपात पेशी जिवंत आहे का मेली ते कळतं असं वाचलं. मुंबईला नेऊन तसं तपासून घ्यावं का?

स्लाइड_ताई:
दादा, मी सोलापुरातच हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आईंना सांगा, औषधानं काम केलंय. पूर्ण नाही, पण केलंय.

गाठीच्या आकारावर जाऊ नका. किमोनं पेशी मरतात, पण त्यांच्या जागी वण धरतो आणि तो हाताला गाठीसारखाच लागतो. स्लाइडवर तो फिकट गुलाबी दिसतो, मध्येच मेलेला कचरा खाऊन फुगलेल्या फेसाळ पेशी. कॅन्सरची एखादी पेशी त्यांच्यात लपली तर साध्या रंगात ओळखू येत नाही, मग सायटोकेरॅटिन ह्या कॅन्सरच्या पेशींतल्या प्रथिनाला धरणारा वेगळा रंग लावावा लागतो.

ह्यासाठी आरसीबी नावाचा, म्हणजे किमोनंतर किती कॅन्सर उरला त्याचा हिशेब आहे, ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये मांडलेला. जुन्या गाठीच्या जागेची लांबी-रुंदी, तिथल्या पेशींची टक्केवारी, काखेतल्या किती गाठींत कॅन्सर आणि त्यातला सर्वांत मोठा ठिपका केवढा, ह्यांवरून 0 ते 3 वर्ग निघतो. रिपोर्टात नसेल तर पॅथॉलॉजिस्टना मागा. काही उरलं असेल तर ट्रिपल निगेटिव्हमध्ये पुढे कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचा विचार होतो, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

आणि मायक्रोस्कोपच्या आधीचं बघा. किमोआधी गाठीत क्लिप, म्हणजे नंतर गाठीची जागा सापडावी म्हणून धातूची बारीक खूण, घातली होती का? आमच्याकडे कधी कधी अख्खा स्तन न चिरता फॉर्मालिनमध्ये, म्हणजे मांस टिकवायच्या द्रवात, बुडवून येतो. फॉर्मालिन आतवर पोचत नाही, मधला भाग नासतो, आणि नेमकी गाठ तिथंच असते. पाहिलं की जीव तुटतो. त्या बाईनं एवढी किमो सोसलेली असते! अशा मांसावर जगातला कुठलाही मायक्रोस्कोप लावा, काय दिसणार?

प्रकाश_पुणे:
मी अशा लेझर मायक्रोस्कोपवर काम केलंय. पेशीतला एनएडीएच हा रेणू लेझर पडला की स्वतःच चमकतो. ती चमक किती नॅनोसेकंद टिकते ह्यावरून पेशी ऊर्जा कशी वापरते ते कळतं, आणि गाठ आक्रसायच्या आधीच औषधाचा परिणाम दिसू शकतो. पण त्याला ताजं, जिवंत मांस लागतं. तुमच्या आईचं मांस फॉर्मालिनमध्ये जाऊन मेणाच्या ब्लॉकमध्ये बसलंय. त्याच्यावर फार तर कोलॅजनच्या तंतूंची ठेवण बघता येईल, आणि तीही अजून संशोधनातच. उपचार ठरवायला ह्याची गरज नाही.

विडीघरकुल_सोलापूर:
क्लिपचा कागद सापडला, घातली होती. मग मुंबई नको?

स्लाइड_ताई:
क्लिप होती हे फार बरं झालं. आईंना नेऊ नका, शंका असेल तर ब्लॉक आणि स्लाइड न्या. दुसऱ्या मोठ्या कॅन्सर सेंटरचे पॅथॉलॉजिस्ट त्याच बघून मत देतात. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे, आधी तिथं विचारा की. पहिल्या तुकड्याचा ब्लॉकही सोबत ठेवा, नाहीतर 70 कशावरून धरले ते त्यांना कळणार नाही. ब्लॉक घेताना सही-पावती करा, नंबर रिपोर्टाशी जुळवा आणि गाडीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.