परसातील खुराडे आणि त्याचा बंदोबस्त: आपापले अनुभव लिहावेत

तिराकोल

पेडणे तालुक्यातील आमच्या मूळ घराची डागडुजी सध्या चालू आहे. मागच्या पडवीची भिंत उतरवताना गवंड्यांना तिच्या तळाशी चिऱ्यांनी बांधलेला एक बुजलेला कोनाडा सापडला. त्याचे तोंड जेमतेम एक कोंबडी शिरेल एवढे आहे आणि दोन्ही अंगांना चिऱ्यात उभ्या खाचा कोरलेल्या आहेत. ते आजीचे खुराडे असल्याचे आईने सांगितले. तिन्हीसांजेला कोंबड्या आत गेल्या की आजी फणसाच्या लाकडाची फळी त्या खाचांतून वरून खाली सोडत असे. अशी फळी ढकलून उघडत नाही आणि ओढूनही उघडत नाही, कोणीतरी ती सरळ वर उचलावीच लागते.

पावसाळा संपला की परसात थोड्या गावठी कोंबड्या पाळण्याचा माझा विचार आहे. आजीचे ते खुराडे चार-पाच कोंबड्यांपुरतेच होते, त्यामुळे मला नवे बांधावे लागेल. ज्यांनी गोव्यातच खुराडे बांधले आहे, त्यांनी जनावरांपासून आणि पावसापासून ते कसे राखले, हे सविस्तर लिहावे.

अंत्रुजकर

रात्रीचा शत्रू वेगळा आणि दिवसाचा वेगळा, हे आधी ध्यानात घ्यावे. मुंगूस दिवसाढवळ्या येतो, उदमांजर रात्री येते. आमचे घर फोंड्याजवळ कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत आहे. वडिलांनी बांधलेल्या खुराड्याच्या भिंती चिऱ्यांच्या, दार जांभ्याच्या लाकडाचे आणि कडीकोयंडा लोखंडी होता. तरीही एका सकाळी दार उघडले तेव्हा आतली बहुतेक पाखरे मरून पडली होती आणि बऱ्याच जणींची फक्त मुंडकी खाल्लेली होती. दार, कडी, भिंत सगळे जागच्या जागी होते. वर पाहिले तेव्हा आढ्याजवळचे एक कौल वीतभर सरकलेले दिसले आणि खालच्या वाशावर चिखलाचे ठसे होते. उदमांजर पोफळीवरून छपरावर उतरले होते आणि कौल बाजूला सारून आत शिरले होते.

तेव्हापासून आम्ही वाशांच्या वरून सलग जाळी ठोकतो आणि तिच्यावर कौले चढवतो. छपरावर टेकणाऱ्या फांद्या व झावळ्या दर वर्षी छाटतो. उदमांजर एकदा आत शिरले की एक कोंबडी नेऊन थांबत नाही. पाखरे घाबरून फडफडत राहतात आणि ते समोर येईल तिला मारत जाते. म्हणून छपराच्या जाळीवर पैसे वाचवू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो.

सत्तरीची लेक

अंत्रुजकर दादा, वाचून फार वाईट वाटले. हाताने दाणे घातलेली पाखरे अशी पाहणे किती जड जाते, हे आम्हालाही ठाऊक आहे. आमच्याकडे पिल्लांवर घारीची आणि कावळ्यांची झडप असते. पिल्ले मोठी होईपर्यंत रवणीच्या कोंबडीसह ती दिवसाही डालग्याखाली झाकून ठेवणे, हाच उपाय आम्हाला लागू पडला आहे.

शेणसडा

जाळीविषयी लिहितो, कारण हार्डवेअरच्या दुकानात कोंबडीची जाळी मागितली की षटकोनी विणीची पातळ जाळी हातात ठेवतात. ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती ठीक आहे, परंतु बाहेरच्या जनावराला ती अडवत नाही. गावातील कुत्र्यांनी ती दातांनी फाडल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. दोन पावसाळे गेल्यावर तिचे पीळ बोटांत धरले तरी चुरा होतो. अर्धा इंच चौकोनाची, जाड तारेची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी घ्यावी. मुंगूस, घूस आणि बहुतेक साप तिच्यातून येऊ शकत नाहीत. एक इंचाच्या चौकोनातून मात्र बारीक साप सहज येतो.

दुसरी गोष्ट जमिनीची आहे. खणणारे जनावर भिंतीला नाक लावून तिथेच उकरू लागते. म्हणून जाळी भिंतीच्या पायथ्याशी काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवावी, दीड फूट रुंदीत जमिनीवर पसरावी आणि वर माती व चिऱ्याचे तुकडे टाकावेत. जनावर जिथे उकरते तिथेच त्याच्या पंजाखाली जाळी लागते आणि ते खटपट सोडून देते. जांभ्या दगडाच्या कडक जमिनीत खोल चर खणत बसण्यापेक्षा हे काम पुष्कळ सोपे आहे.

म्हादईकाठ

आमच्या सत्तरी तालुक्यात बिबट्याही फिरतो आणि त्याच्यापुढे कोणत्याही जाळीचा भरवसा देता येत नाही. आमचे खुराडे घराच्या भिंतीला लागूनच आहे, पुढे लोखंडी गजांचे दार आहे आणि रात्री तिथे दिवा असतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी खुराडे परसाच्या टोकाला नेऊ नये.

अजगराचा अनुभवही सांगतो. एका पहाटे तो खुराड्याच्या कोपऱ्यात वेटोळे घालून बसला होता. कोंबडी गिळल्यामुळे त्याचे पोट इतके फुगले होते की ज्या फटीतून तो आत आला होता, तिथून त्याला बाहेर पडता येत नव्हते. वाड्यावरची मुले काठ्या घेऊन धावली. वडीलधाऱ्यांनी त्यांना अडवले आणि वन खात्याच्या माणसांना बोलावले. त्यांनी त्याला पोत्यात घालून सुखरूप नेले. अजगर, मुंगूस, उदमांजर या सर्वांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. फासे लावणे किंवा विष घालणे हा गुन्हा आहे आणि विषाने शेजाऱ्याचे कुत्रेही मरते. त्या जनावरांचा तो मार्ग आपल्या आधीपासूनचा आहे, म्हणून फट बुजवण्याचे काम आपलेच आहे.

पोफळीची बाग

जरा वेगळी अडचण विचारते. चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जातो आणि पाच दिवस इथे कुलूप असते. दाणापाणी भरून ठेवता येते, पण संध्याकाळी दार कोण लावणार? यासाठी कोणाची काय सोय आहे?

सत्तरीची लेक

ताई, आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. चवथीला त्या घरच्या काकी आमचे खुराडे लावतात आणि नाताळात ते गावी गेले की आम्ही त्यांचे लावतो. त्या दिवसांतली अंडी ज्याने दार लावले त्याची, असा आमचा जुना शिरस्ता आहे. असा शेजार नसेल, तर खुराड्याला जोडून चारही बाजूंनी व वरूनही वेल्डमेश लावलेले छोटे अंगण करून घ्यावे, म्हणजे आतले दार उघडे राहिले तरी चालते.

अंत्रुजकर

पावसाविषयी लिहायचे राहिले. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पाऊस आत येऊ नये म्हणून लोक खुराडे चारही बाजूंनी बंद करतात. मग विष्ठेचा उग्र वास कोंडतो आणि पाखरांना श्वासाचे विकार होतात. भिंती खाली बंद ठेवाव्यात आणि छपराच्या लगत, कोंबड्या बसतात त्या दांड्याच्या वर, सर्व बाजूंनी जाळीची फट ठेवावी. छपराच्या पाख्या दोन-अडीच फूट बाहेर काढल्या की तिरपा पाऊसही आत पोहोचत नाही. तळाशी भाताचे तूस पसरून ते वरचेवर उलटावे आणि ओले झालेले लगेच काढावे.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवू नये. तो रोग एकदा आला की पाहता पाहता खुराडे रिकामे होते आणि त्यावर औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस देतात. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करून ठेवावी.

तिराकोल

सर्वांचे मनापासून आभार. आमचे घर समुद्रापासून फार दूर नाही आणि खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गजसुद्धा खाल्ले जातात. तिथे वेल्डमेश कितपत टिकेल?

शेणसडा

तिराकोल, विकत घेताना जाळीचे सांधे पाहावेत. तारेला आधी जस्ताचा मुलामा देऊन मग जोडलेली जाळी सांध्यावरच पहिल्यांदा गंजते, कारण जोडताना तिथला मुलामा जळतो. आधी जोडून नंतर मुलामा दिलेली जाळी महाग असते, परंतु खाऱ्या हवेत तीच घ्यावी. तिच्या सांध्यावर जस्ताचा जाडसर थर दिसतो. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि रुंद वॉशर वापरावेत, आणि दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, जमिनीलगतचा पट्टा हाताने दाबून तपासावा. दाराला मात्र आजींची खाचांतून सरकणारी फळीच ठेवावी, कारण त्यात गंजायला बिजागरी नाही की कडी नाही.