घरीच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलायचाय, जमंल का?

प्रश्न: भावांनो, माझी जुनी ४×४ ऑटोमॅटिक गगनबावड्याच्या घाटात स्लिप व्हायला लागली (इंजिन पळतंय पण गाडी ओढत नाही), गिअरबॉक्सचं ऑइल काळं आणि जळका वास मारतंय, दुसरा गिअरबॉक्स मिळालाय तर दारातच बसवावा म्हणतोय, काय काय बघू?

उत्तर: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) आधी गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसव, फिरवत फिरवत आत ढकल, टप्प्याटप्प्यानं खट्ट करून बसतोय. गिअरबॉक्स इंजिनला टेकला की कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर बोल्ट आवळून खेचू नको, पंपच फुटंल.

उत्तर: कूलर लाइन (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायला नेणाऱ्या नळ्या) फ्लश करून धुऊन घे भावा, जुन्या बॉक्समधल्या क्लचचा चुरा नव्या बॉक्समधी गेला तर सगळी मेहनत पाण्यात. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नको, स्टँड लावच.

प्रश्नकर्ता: कन्व्हर्टरचं खरंच माहीत नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रान्समिशन जॅक (गिअरबॉक्स उचलून धरायचा जॅक) भाड्यानं मिळतोय का बघतो.