मशरूम एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूल, इम्युनिटी आणि लिव्हरसाठी: लेबलवरून काय कळतं? कोणी घ्याव्या, कोणी नाही?

बर्डीवाला

बाबांसाठी विचारून राहिलो. वय ६१, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २, रक्तात लिव्हरचं एंझाइम एसजीपीटी ७८, म्हणजे वाढलेलं. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, ॲस्पिरिन ७५ रोज. नातेवाइकांनी मशरूमच्या कॅप्सूलचा डबा आणून दिला. "इम्युनिटी वाढते, लिव्हर साफ होतं" असं सांगितलं आणि बाबा घ्यायला तयारच आहेत. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

लेबलवर इतकं आहे: रेशी, टर्की टेल, चागा, कॉर्डिसेप्स, चारही मिळून ५०० मिलिग्रॅम. १०:१ एक्स्ट्रॅक्ट. पॉलिसॅकराइड ४० टक्के. खाली बारीक अक्षरात "मायसेलियल बायोमास, ब्राऊन राइसवर वाढवलेला". रोज २ कॅप्सूल.

आत नेमकं काय असेल? लिव्हरला खरंच फायदा होतो का? आणि ॲस्पिरिनसोबत चालतं का?

अर्क_तपासणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, तपासणीची बाजू माझी आहे. लिव्हर आणि गोळ्यांचं जाणकारांनी बोलावं.

बारीक अक्षरातली ती ओळ आधी पकडा, बाकी लेबल नंतर. आपण ज्याला मशरूम म्हणतो ते बुरशीचं फळ. तिचं खरं अंग म्हणजे लाकडात किंवा मातीत पसरलेलं पांढरं तंतुजाल, मायसेलियम. कारखान्यात ते निर्जंतुक केलेल्या भातावर वाढवतात. तंतू दाण्याच्या आरपार जातात, वेगळे काढता येत नाहीत, म्हणून सगळं एकत्र वाळवून दळतात. त्या पुडीत तांदळाचा वाटा मोठा असतो.

आता ४० टक्के पॉलिसॅकराइड. तांदळाचा स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच आहे. फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडच्या जुन्या पद्धतीत सगळ्या साखरसाखळ्या एकत्र मोजल्या जातात, त्यामुळे तांदूळ जितका जास्त तितका हा आकडा चढतो. मशरूमचा म्हणून जो घटक मोजायचा तो बीटा-ग्लुकन, १,३ आणि १,६ जोडणीचा. स्टार्च हा अल्फा-ग्लुकन. एन्झाइमच्या पद्धतीत आधी एकूण ग्लुकन मोजतात, मग अल्फा वेगळा मोजून वजा करतात. उरतो तो बीटा. लेबलवर बीटा-ग्लुकनचा आकडा नसेल तर विक्रेत्याला हेच विचारा: बीटा किती, अल्फा किती, पद्धत कोणती. फळापासून काढलेल्या चांगल्या अर्कात अल्फा अगदी कमी असतो. तांदळावरच्या मालात तोच जास्त निघतो.

१०:१ म्हणजे १० किलो कच्च्या मालाचा १ किलो अर्क, एवढंच. त्यात कामाचा घटक किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय नुसतं वाळवून दळलेल्या बायोमासला १०:१ म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्यातून काही काढलेलंच नाही.

मात्रेचा हिशेबही करून पाहा. २ कॅप्सूल म्हणजे १ ग्रॅम मिश्रण. चारही सारखे धरले तर प्रत्येकी २५० मिलिग्रॅम. १०:१ खरं मानलं तरी अडीच ग्रॅम कच्च्या रेशीइतकं. चिनी औषधसंहितेत वाळलेल्या रेशीची दिवसाची मात्रा ६ ते १२ ग्रॅम आहे. टर्की टेलपासून काढलेला पीएसके हा शुद्ध घटक जपानमध्ये १९७७ पासून कॅन्सरच्या उपचारांना जोड म्हणून वापरात आला, तिथे दिवसाला साधारण ३ ग्रॅम शुद्ध पीएसके देत. त्या अभ्यासांचा दाखला देऊन २५० मिलिग्रॅमचं मिश्रण विकलं जातं, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

स्टार्च आहे का, हे घरी बघता येतं. एका कॅप्सूलची पूड ३ मोठे चमचे उकळत्या पाण्यात ढवळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम पाण्यात आयोडीनचा निळा रंग येतच नाही, आणि बहुतेकांची चाचणी इथेच फसते. वरचं पाणी पांढऱ्या बशीत घ्या. रेशी-चागाचा रंग गडद असतो, तेव्हा फिक्या चहासारखं होईपर्यंत साधं पाणी घाला. बीटाडीनचं सोल्युशन घ्या, मलम किंवा फेसाचा स्क्रब नको. त्याचे ४-५ थेंब एक चमचा पाण्यात मिसळून त्यातले २-३ थेंब बशीत टाका. शेजारी दोन बशा तुलनेसाठी ठेवा: एकीत भाताची पेज, दुसरीत नुसतं पाणी. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. रंग आला नाही म्हणून माल पास, असं मात्र नाही. कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन सी असेल तर ते आयोडीनचा रंगच घालवतं. अर्क सुकवताना माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पूड, घातलं असेल तर रंग तांबूस येतो किंवा येतही नाही. बशीतलं सगळं फेकून द्या.

औषधं_मेडिकल_चौक

फार्मासिस्ट आहे. डबा सध्या बाजूला ठेवा. घाई करण्यासारखं त्यात काही नाही आणि थांबण्याला कारणं आहेत.

लिव्हरचं आधी. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर रेशीचे निकाल भरपूर आहेत. माणसांतल्या फॅटी लिव्हरवर मोठ्या, नीट केलेल्या चाचणीचा आधार नाही. रेशीवर कोक्रेनचे, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचे, आढावे आहेत: २०१२ चा कॅन्सरवर, २०१५ चा हृदयविकार आणि मधुमेहाच्या धोक्यांवर. पहिल्यात मुख्य उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावा मिळाला नाही. दुसऱ्यातही वापराला आधार मिळाला नाही. उलट रेशीची पूड घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हाँगकाँगमधून २००४ मध्ये आणि थायलंडमधून २००७ मध्ये. थायलंडमधला रुग्ण दगावला. असं क्वचित होतं. पण ज्याचं एसजीपीटी आधीच ७८ आहे त्याच्या बाबतीत नवी इजा आणि जुना आजार वेगळे ओळखणं अवघड जातं.

ॲस्पिरिनचं: रेशीमुळे प्लेटलेट्सची चिकटण्याची क्षमता कमी होऊ शकते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसोबत हिरड्यांतून, नाकातून रक्त आणि अंगावर निळे डाग ही लक्षणं बघायची असतात. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल तर निदान २ आठवडे आधी बंद करायला सांगतात. शुगर आणि बीपीही थोडं उतरू शकतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर फार खाली जाण्याची भीती कमी, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर जास्त. किडनी किंवा लिव्हर बदललेल्यांनी, आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. तिथे इम्युनिटी वाढवणं म्हणजे बसवलेल्या अवयवावर हल्ला ओढवून घेणं.

चागा मी शुगरच्या माणसाला सुचवणार नाही. त्यात ऑक्झलेट, म्हणजे किडनीत खडे करणारा क्षार, भरपूर असतं. जपानमध्ये ७२ वर्षांच्या बाईंनी सहा महिने रोज ४-५ चमचे चागा पूड घेतली आणि किडन्या निकामी झाल्या, ही नोंद २०१४ ची आहे. तुमच्या कॅप्सूलमधली मात्रा त्याच्या खूप खाली आहे हे खरं, पण क्रिएटिनिन तपासल्याशिवाय नको.

एक विचारतो: सकाळी काढा वगैरे काही चालू आहे का? आणि एसजीओटी (लिव्हरचं दुसरं एंझाइम), प्लेटलेट्स किती?

बर्डीवाला

दादा, एसजीओटी ५२, प्लेटलेट्स २ लाख १० हजार. सकाळी गुळवेलीचा काढा घेतात, कोविडपासून सुरू आहे. दारू नाही. वजन ८४.

औषधं_मेडिकल_चौक

काढा आजपासून बंद करायला सांगा. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्यासारखी इजा दिसली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एंझाइम वाढलेल्या माणसाने कारण कळेपर्यंत असली प्रत्येक गोष्ट थांबवायची असते. डॉक्टरांना काढ्याचं नक्की सांगा, लोक हेच सांगत नाहीत.

तुमच्या आकड्यांवरून फिब-४ निघतो, लिव्हर किती कडक झालं असेल याचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट्स हजारांत धरायच्या, म्हणजे २१०. वर ६१ × ५२ = ३१७२. खाली ७८ चं वर्गमूळ ८.८३, गुणिले २१०, म्हणजे सुमारे १८५५. उत्तर १.७१. या वयात १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक होण्याचा धोका कमी समजतात, २.६७ च्या वर असेल तर जास्त. बाबा मधे आहेत, म्हणजे फायब्रोस्कॅन, लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करायला हवा. सोनोग्राफीतला ग्रेड चरबी सांगतो, कडकपणा सांगत नाही. सोबत एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या हिपॅटायटिस बी आणि सी च्या दोन तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. पुढच्या महिन्याची तारीख थोडी अलीकडे आणता आली तर बरं.

लिव्हरची चरबी उतरवण्यात ज्याचा पुरावा पक्का आहे ते वजन. ७ ते १० टक्के, म्हणजे ८४ मधून ६ ते साडेआठ किलो, सहा महिन्यांत किंवा जरा जास्त वेळात. सावजीची तर्री आठवड्यातून दोनदा असेल तर ती महिन्यातून एकदा करा. सकाळच्या तर्री-पोह्यांवरची तेलाची वाटी, चहातली साखर आणि डब्यातला संत्र्याचा ज्यूस कमी करा. संत्रं खायचं तर सोलून खा.

टेकोडे_कळमेश्वर

रेशी आणि कॉर्डिसेप्स दोन्ही पिकवतो, म्हणून मालाच्या बाजूने दोन गोष्टी.

कॉर्डिसेप्स मिलिटारिस बरणीत ब्राऊन राइसवरच वाढतो, त्याला १८ ते २२ अंश लागतात. नागपुरात वर्षभर एसीशिवाय ते जमत नाही, वीजबिल जबर येतं. प्रामाणिक माणूस वरची केशरी काडी कापून विकतो. कापणीनंतर उरलेला भाताचा थर स्वस्तात दळून कॅप्सूलमध्ये घालणारेही आहेत. ताईंनी सांगितलेली आयोडीनची चाचणी त्यासाठी नामी आहे. पिथोरागडची रानातली कीडाजडी ही कॉर्डिसेप्सचीच वेगळी जात, तिचा भाव पाहता ती ५०० मिलिग्रॅमच्या मिश्र कॅप्सूलमध्ये असणं शक्य वाटत नाही.

रेशी लाकडाच्या भुशावर, गव्हाचा कोंडा मिसळून, निर्जंतुक पिशव्यांत वाढतो. हवा खेळती नसेल तर छत्री न उघडता हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटतात. कडेची पांढरी रेघ गेली आणि वर तपकिरी धूळ बसली की काढणीला आला. खरा रेशी कडू असतो, तो कडूपणा ट्रायटर्पिन या घटकांचा. हे पाण्यात नीट उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात. बीटा-ग्लुकन गरम पाण्यात. म्हणून चांगल्या मालावर दोन्ही अर्कांचा उल्लेख असतो. जिभेवर पूड गोडसर किंवा पिठूळ लागली तर समजून घ्या.

काप विकत घेणारे विचारतात म्हणून सांगतो: मिक्सरमध्ये दळू नका, कापसासारखा लोळा होतो आणि भांडं जातं. ५ ग्रॅम काप, पाऊण लिटर पाणी, मंद आचेवर दीड-दोन तास, अर्धं उरेपर्यंत. चहासारखं पाच मिनिटं उकळून काहीच उतरत नाही, पेशीभिंत कायटिनची, म्हणजे कडक, असते. पण बाबांना हेही देऊ नका, फार्मासिस्ट भाऊंचं बरोबर आहे.

अर्काची पूड ओल फार ओढते. जूनमध्ये डबा उघडा राहिला की ढेकूळ होतं, मग बुरशी. मेमध्ये कुरिअरच्या गाडीत तापलेला, ढेकूळ झालेला डबा परत करा. आणि रस्त्याकडेच्या जुन्या झाडाच्या बुंध्यावरचे कडक टोप खरवडून आणू नका. दिसायला सारख्या जाती बऱ्याच आहेत, आणि बुरशी आजूबाजूचं शिसं, कॅडमियम ओढून घेते.

बर्डीवाला

चाचणी केली. थंड करून, पेजेची बशी शेजारी ठेवून. आमची बशी पेजेइतकीच काळी झाली. काढा बंद केला. आता या डब्याचं काय करू?

अर्क_तपासणी

स्टार्च आहे हे नक्की, किती आहे हे यातून कळत नाही. विक्रेत्याला लिहून विचारा: डब्यावरच्या बॅच नंबरचाच तपासणी अहवाल द्या, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्यतेच्या लॅबचा. त्यात बीटा आणि अल्फा-ग्लुकन वेगवेगळे हवेत, शिसं-आर्सेनिक-कॅडमियम-पारा हवेत, जिवाणू आणि बुरशीची मोजणी हवी. दुसऱ्याच बॅचचा अहवाल पाठवणं हे नेहमीचं आहे, नंबर जुळवून पाहा. लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" या अर्थाची ओळ असायला हवी. "लिव्हर साफ होतं" हे नातेवाइकांचं बोलणं असेल तर सोडा. डब्यावर किंवा जाहिरातीत आजार बरा होण्याचा दावा छापलेला असेल तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात तक्रार देता येते.

औषधं_मेडिकल_चौक

आणि डबा फेकू नका, तसाच डॉक्टरांकडे न्या, काढ्याच्या पाकिटासकट. काढा बंद केल्यापासून ४ ते ६ आठवड्यांनी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, परत करा. एसजीपीटी स्वतःहून उतरलं तर तीही माहितीच आहे. मधेच डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज किंवा अन्नावरची वासना गेली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्सपैकी जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे. ॲस्पिरिन मात्र मशरूमच्या भीतीने स्वतःहून बंद करू नका.