‘ट्रॉयमेराय’ आणखी किती ताणणार?

डावाहात: काल इथे कुणीतरी लिहिलं, “शुमानचं ‘ट्रॉयमेराय’ साधं वाजवलं की पहिल्या वर्षाच्या मुलाचं वाटतं. प्रत्येक वरच्या सुरावर थांबा, श्रोत्यांना रडू द्या.” काल उत्तर टाळलं, आज राहवत नाही. जर्मन संगीतकार शुमानचा हा पियानोचा पीस अवघ्या 24 मापांचा, म्हणजे ठेक्याच्या 24 छोट्या भागांचा. पहिली ओळ ‘एफ’ या सुरापर्यंत चढते, दुसरी तशीच निघते आणि ‘ए’ गाठते. ‘एफ’वरच जीव ओतून रेंगाळलात, तर ‘ए’साठी उरलं काय? शेवटाकडे त्या ‘ए’वर विरामाची खूण खुद्द शुमानने केली आहे. आधीच दहा ठिकाणी थांबलेल्याचा तो विराम कुणाला जाणवणार?

मंद्र: साफ अमान्य. हे मोठ्या माणसाला आठवलेलं बालपण आहे. आठवण ठेक्यावर येते का? पियानोवादक होरोविट्झने सोव्हिएत देश सोडल्यावर 61 वर्षांनी, 1986 मध्ये, मॉस्कोत हेच वाजवलं. लोकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

डावाहात: तेच चित्रण पुन्हा बघा. त्याचा चेहरा हलत नाही, बोटं पट्ट्या सोडत नाहीत. रडतात ते श्रोते.

टिकटिक: मूळ दुखणं लयीचं आहे. पहिल्या छापील प्रतीत मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा 100 आहे. मिनिटाला शंभर ठोके!

मंद्र: शुमानचा मेट्रोनोम बिघडलेला होता, हे सगळ्यांना माहीत आहे.

टिकटिक: दर वेळी हीच दंतकथा! क्लाराने आपल्या आवृत्तीत आकडा उतरवला, तोही 80 वर. ती त्याची बायको आणि त्या काळातली अव्वल पियानोवादक. तुमचे 55 कुठून आले?

मंद्र: 55 मी म्हटलेलंच नाही. माझ्या तोंडी काहीही घालू नका.

पांढरीपट्टी: आकड्यांवर भांडताय, तर एवढं सांगा: 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर हळुवार वाजवायला शिकायचं कसं? मुलीच्या परीक्षेत शेरा आला, “भाव कमी.” घरच्या पट्ट्यांना वजनच नाही. तिथे खरा पियानो समोर आला, ती हळू वाजवायला गेली आणि निम्मे सूर उमटलेच नाहीत. रडतच बाहेर आली. तुमचा संयम ज्यांच्या घरी पियानो आहे त्यांनाच परवडतो.

डावाहात: ताई, हे खरं आहे, माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सुचवतो, तिला वरची ओळ आधी गाऊ द्या. श्वास संपतो तिथेच ओळ संपते, हे गळ्याला कळतं. त्याला वाद्य लागत नाही.

मंद्र: आई गेली त्या आठवड्यात मी रोज हेच वाजवत होते. भावाने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. तुमच्याशी भांडून काल रात्री ते काढून ऐकलं. प्रत्येक सुरावर मी थांबले आहे, आणि चौथ्या मापापर्यंत चालच हरवली आहे. तेवढं तुमचं मान्य. पण 100 ला मी कधीही वाजवणार नाही.

टिकटिक: 80?

मंद्र: 72. त्याच्या वर नाही.