मदत हवी आहे: स्नोमध्ये गाडी बंद पडली, बॅटरी की अल्टरनेटर?
मंडळी, जरा अर्जंट आहे. मी मिनियापोलिसला असते. काल सकाळी उणे २२ सेल्सियस, वरून स्नो नुसता कोसळत होता, शेजारच्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून जंप घेऊन (म्हणजे गाडी सुरू करून) ऑफिसला निघाले तर आय-९४ हायवेवर बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मंदावले, स्टिअरिंग एकदम जड, कशीबशी शोल्डरला घेतली नि बंदच. टो येईपर्यंत काचेवर आतून गोठलेली माझ्याच श्वासाची वाफ नखाने खरवडत बसले होते.

गॅरेजवाला म्हणतो बॅटरी बदला, पण ती मागच्याच वर्षी घातलीये, आणि इंजिन चालू असताना मीटरवर १२.१ व्होल्टच दिसले, १४ च्या आसपास हवेत ना? मग अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) गेलाय की तो फिरवणारा बेल्ट ओला होऊन घसरतोय? सोमवारी परत जायचंय, डेकेअरमधून लेकीलाही आणायचं असतं, खरंच धास्ती बसलीये. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.